पन्हाळ्याच्या चढाला दर वेळी मांड्या भरतात? आधी डावा शिफ्टर बघा

तक्रार साधारण अशी येते. कोल्हापुरातून सायकल काढली, शिवाजी पूल ओलांडला, केर्लीपर्यंत गप्पा मारत गेलो, वाघबीळला पन्हाळ्याकडं वळलो आणि थोड्याच वेळात मांड्या भरून आल्या. छातीत धडधड नाही, दमही फारसा लागलेला नाही, पण पेडल खाली जाईना. उतरून जरा थांबलं की पाय मोकळे होतात, परत बसलं की पुढच्या वळणाला पुन्हा तेच. पुढच्या रविवारीही तेच, आणि जवळपास त्याच जागी.

यावर मिळणारे सल्ले ठरलेले आहेत. बैठका वाढव. सकाळी दूध कट्ट्यावर जात जा. पाण्यात ओआरएस टाक. सवय झाली की होईल. यातलं काही वाईट नाही. पण त्रास दर वेळी त्याच जागी आणि त्याच स्नायूला होत असेल, तर माझा पहिला संशय पायांवर जात नाही. तो हँडलच्या डाव्या बाजूच्या शिफ्टरवर जातो, म्हणजे पुढच्या चेनव्हीलचा (पेडलजवळच्या दातेरी चक्राचा) गिअर बदलणाऱ्या खटक्यावर. पुष्कळ सायकलींवर हा खटका विकत घेतल्या दिवसापासून कुणी हलवलेलाच नसतो.

आधी काय संपलं, मांडी की दम?

चढावर थांबायची वेळ येते तेव्हा स्वतःला एवढंच विचारायचं.

मांडी पेटली आहे, पण शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय, तर गिअर जड आहे. पाय हलके फिरताहेत पण धाप लागून बोलता येत नाही, तर वेग जास्त आहे किंवा गिअर गरजेपेक्षा हलका आहे. दोन्ही एकदम संपलं असेल तर ती त्या दिवशीची तुमची ताकद, तिच्यावर सरावाखेरीज उपाय नाही.

मग पाय मोजा. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजून चारनं गुणलं की मिनिटाला किती फेरे होतात ते कळतं. यालाच केडन्स म्हणतात. त्यासाठी महागडं मीटर लागत नाही. सायकलवरचं साधं मीटर किंवा मोबाईलचं ॲप वेग दाखवतं, आणि वेगावरून पायाचं काय चाललंय ते समजत नाही. ताशी ८ किलोमीटरनं चढणारे दोघं शेजारी शेजारी असतील, पण एकाचा पाय मिनिटाला ४२ वेळा फिरत असेल आणि दुसऱ्याचा ७४ वेळा. मांडीच्या दृष्टीनं ते दोघं दोन वेगळे घाट चढत असतात.

हिशोब करून बघू

कोल्हापूरपासून पन्हाळा वीसेक किलोमीटर, आणि शहरापेक्षा साधारण ४०० मीटर उंच. यातला बराचसा चढ शेवटच्या टप्प्यात आहे. समजा माणूस ७० किलोचा, सायकल १५ किलोची, चढ ६ टक्के आणि वेग ताशी ८ किलोमीटर. एवढं ओढायला सुमारे १२५ वॉट लागतात. ही गरज रस्ता आणि वजन ठरवतात. तुम्ही कोणताही गिअर टाका, त्या वेगाला १२५ वॉटच लागणार.

पण वॉट म्हणजे जोर गुणिले फेऱ्यांचा वेग. फेरे कमी केले की उरलेला भाग जोरानं भरून काढावा लागतो, आणि तो मांडी भरते.

आपल्याकडच्या पुष्कळ २१ गिअरच्या सायकलींवर पुढं ४२, ३४ आणि २४ दात्यांची तीन चेनव्हील असतात आणि मागं सगळ्यात मोठं चक्र २८ दात्यांचं. पुढं ४२ वरच ठेवून मागं २८ टाकलं तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.१५ मीटर जाते. ताशी ८ च्या वेगाला मिनिटाला ४२ फेरे होतात आणि पूर्ण फेऱ्याची सरासरी काढली तर पेडलवर जवळपास १७ किलोचा जोर लागतो. पुढं २४ टाकलं की एका फेऱ्यात १.८ मीटर, ७४ फेरे आणि जोर १० किलोच्या आत. ही सरासरी आहे. पाय खाली दाबताना प्रत्यक्षातला सर्वाधिक जोर साधारण दुप्पट असतो. म्हणजे ४२ च्या चेनव्हीलवर तुम्ही दर दाबाला तीस-पस्तीस किलो रेटताय, आणि तेही एकेका पायानं.

याची दुसरी बाजूही लपवत नाही. हलक्या गिअरला किलोमीटरमागं ५५५ फेरे पडतात, जड गिअरला ३१७. हलका गिअर म्हणजे कष्ट कमी असं समजू नका. कष्ट तेवढेच राहतात, फक्त मांडीवरचा वाटा कमी होऊन हृदय-फुप्फुसांवरचा वाढतो. आणि लांबच्या चढाला हा सौदा फायद्याचा पडतो, कारण दम दोन मिनिटांत परत येतो. भरलेली मांडी त्या दिवशी पूर्वीसारखी होत नाही.

मांडीच्या आत काय होतं

स्नायूत ढोबळमानानं दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू जोर कमी लावतात, पण ऑक्सिजन वापरून तासन्‌तास चालतात. जलद तंतू जोर भरपूर लावतात, पण लवकर थकतात आणि साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, भराभर संपवतात. मेंदू त्यांना ठरलेल्या क्रमानं बोलावतो. आधी संथ, आणि तेवढ्यानं भागलं नाही तरच जलद. कुणाला बोलवायचं हे मुख्यतः लागणाऱ्या जोरावर ठरतं. त्यामुळं पाय हळू फिरतोय म्हणजे संथ तंतू काम करताहेत, हा समज चुकीचा आहे. जड गिअरला हळू फिरणाऱ्या पायातच जलद तंतू जास्त खपतात.

१९९२ च्या एका अभ्यासात हे थेट तपासलं गेलं. त्याच माणसांना तेवढ्याच वॉटला एकदा ५० आणि एकदा १०० केडन्सनं सायकल चालवायला लावली आणि मांडीच्या स्नायूचे नमुने घेतले. शरीराचा ऑक्सिजनचा खर्च दोन्ही वेळा जवळपास सारखा होता, पण जलद तंतूंमधलं ग्लायकोजेन ५० ला लक्षणीय जास्त संपलं. वाघबीळच्या वर जे घडतं त्याचं मला तरी यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण सापडलेलं नाही.

दुसरं कारण रक्ताचं. स्नायू जोरात आवळला की त्याच्या आतला दाब वाढतो आणि रक्त आत यायला अडचण होते. ढिला पडला की रक्त शिरतं. जड गिअरला आवळणं घट्टही असतं आणि लांबही, कारण एक फेरा जवळपास दीड सेकंदाचा होतो. तेवढ्यात हायड्रोजन आयन आणि फॉस्फेट साचतात, स्नायूची पकड ढिली होते आणि आपण म्हणतो पाय भरले. दुसऱ्या दिवशी दुखतं त्याचं खापर मात्र लॅक्टिक ॲसिडवर फोडू नका. ते थांबल्यावर तासाभरात रक्तातून बहुतांश निघून जातं.

हे सगळ्या स्नायूंना सारखं लागू होत नाही. पेडल वरून खाली दाबताना मांडीचा पुढचा भाग आणि कुल्ल्याचा मोठा स्नायू काम करतात, म्हणून गिअर जड झाला की तेच आधी बोंबलतात. पेडल तळाशी येऊन मागं वळतं तिथं पोटरी आणि मांडीचा मागचा भाग असतो, आणि केडन्स फार वाढवला की त्यांचं काम वाढतं. मांडीऐवजी पोटरीत गोळा येत असेल तर तुमचा आजार कदाचित उलटा आहे: सीट उंच आहे, किंवा बोटं खाली रोखून तुम्ही नको तेवढ्या वेगानं पाय फिरवताय.

तालमीतली मांडी

हा प्रश्न कोल्हापूरचा खास आहे. ज्यानं पोरवयात तालमीत बैठका काढल्यात त्याला गिअर हलका करायला सांगितलं की अपमान वाटतो. मांडी बघा की, म्हणतो. मांडी खरंच असते. तरीही तोच आधी थांबतो, आणि मागून कॉलेजची एखादी सडपातळ मुलगी पाय भराभर फिरवत पुढं निघून जाते.

खांद्यावर जोडीदार घेऊन बैठका मारायच्या आणि मोकळ्या बैठका मारायच्या, यातला फरक कुठल्याही पैलवानाला सांगावा लागत नाही. पहिल्या थोड्याच निघतात, दुसऱ्या शेकड्यानं. ४२ च्या चेनव्हीलवर घाट चढणं हे पहिल्या प्रकारातलं काम आहे, आणि ते कुणी पाऊण तास करत नाही. बैठकांनी जास्तीत जास्त जोर वाढतो. तासभर मध्यम जोर लावत राहायला स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले ऊर्जा तयार करणारे भाग) वाढावे लागतात, आणि ते सायकलवर तास घालूनच वाढतात. बैठका सोडू नका. फक्त त्यांच्या भरवशावर गिअर जड ठेवू नका.

मग किती फेरे बरोबर?

व्हिडिओ बघून आलेले सगळे ९० म्हणतात. तो आकडा स्पर्धकांचा आहे, आणि ते आपल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट वॉट काढत असतात. स्थिर सायकलवर पायांच्या स्नायूंची विद्युत हालचाल मोजली तेव्हा स्नायूंना सगळ्यात कमी काम पडणारा केडन्स १०० वॉटला सुमारे ५७ निघाला, २०० ला ७०, ३०० ला ८६ आणि ४०० वॉटला ९९. म्हणजे वॉट वाढतील तसा सोयीचा केडन्सही वर सरकतो. १२५ वॉटनं चढणाऱ्यानं ९० चा हट्ट धरला तर पाय फिरवण्यातच दम जाईल.

माझं मत: आपल्यासारख्यांनी चढाला ६५ ते ८० मध्ये राहावं. साठावरही भागलं असतं, पण वळणावर चढ अचानक वाढतो आणि ६० चे ४५ व्हायला वेळ लागत नाही. हाताशी थोडी शिल्लक असावी. सपाटीला ७५ ते ९० ठीक.

दुरुस्ती

पुढचं चेनव्हील चढ लागायच्या आधी लहान करा. अगदी आधी, पाय अजून हलके असताना. ऐन चढात चेनवर ताण असतो, त्या वेळी खटका ओढला तर चेन अडकते किंवा कर्रकर्र वाजत राहते. मग माणूस घाबरून परत मोठ्यावर जातो आणि ‘हा गिअर आपल्या सायकलला लागत नाही’ असं कायमचं ठरवून टाकतो. उशीर झालाच तर एक-दोन जोराचे फेरे मारून थोडी गती घ्या, मग क्षणभर पायांचा दाब सोडून पेडल फिरवत ठेवा आणि बदला. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं अडकलात तर हे आणखी लागतं. थांबायच्या आधीच हलक्यावर या, नाहीतर चढात उभं राहून परत निघताना सगळा भार एका दाबावर येतो.

सगळं बरोबर करूनही चेन लहान चेनव्हीलवर उतरतच नसेल, तर सायकल उलटी करून बघा. पावसाळ्यानंतर पुढच्या डिरेलरची (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाची) केबल गंजून आत चिकटलेली असते. केबल बदलणं हे किरकोळ काम आहे. केबल चांगली असेल तर डिरेलरवरच्या दोन छोट्या स्क्रूंपैकी आतल्या बाजूची मर्यादा ठरवणारा स्क्रू जास्त आवळलेला असतो. अर्धा-पाव फेरा सोडला की चेन खाली येते. जास्त सोडला तर ती चेनव्हीलच्या आत पडते, म्हणून हात बसलेला नसेल तर मिस्त्रीकडून करून घ्या. करून घेताना समोर उभं राहून सातही गिअर लहान चेनव्हीलवर फिरवून बघा.

लपलेला अडथळाही तपासा. चाक उचलून हातानं फिरवा. दोन-तीन फेऱ्यांत थांबत असेल तर ब्रेकचं रबर रिमला घासतंय. टायरच्या कडेला हवेचा दाब छापलेला असतो, त्या मर्यादेत हवा ठेवा. कोरडी चेन, कमी हवा आणि घासणारा ब्रेक हे तिन्ही मिळून सपाट रस्त्याचाही चढ करतात, आणि मांडीला ते कळतं पण डोळ्यांना दिसत नाही.

सीट. दुकानातून सायकल येते ती बहुधा दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढ्या खाली सीट ठेवून. मग गुडघा कायम दुमडलेला राहतो, कुल्ल्याचा स्नायू पुरता कामाला लागत नाही आणि भार मांडीच्या पुढच्या भागावर व वाटीवर येतो. भिंतीला हात टेकून बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल तळाशी न्या. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवड्यानं पेडल मारताना गुडघा तळाशी साधारण २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट खाली आहे असं आधी धरा, मागून दुखत असेल तर वर. सीट एकदम वर करू नका. थोडी थोडी, आठवड्याला एखाद बोट.

केर्लीपर्यंतचा हिशोबही यातच धरा

पुष्कळांची मांडी घाटात भरलेली नसते, ती सपाटीलाच भरत आलेली असते. ग्रुपमध्ये सगळ्यांच्या बरोबर राहायचं म्हणून जड गिअरला दणादण पाय मारायचे, आणि घाटासाठी जे जलद तंतू राखायचे ते तिथंच खर्च करायचे. पावसाळ्यात हे जास्त होतं. वारा पश्चिमेकडून येतो आणि पन्हाळ्याला किंवा गगनबावड्याला जाताना आपण त्याच्या तोंडावर असतो. समोरचा वारा पायाला चढासारखाच लागतो, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. कालच्या ताशी २५ चा हट्ट आज धरायचा नाही. वेग सोडायचा, फेरे धरायचे. येताना तोच वारा पाठीत असतो, तेव्हा मारा काय मारायचं ते.

जलद पाय फिरवायची सवय रंकाळ्याभोवती करा, सपाट आहे आणि सकाळी लवकर गेलं तर मोकळा मिळतो. एक गिअर हलका टाकून पाचेक मिनिटं ८५–९० नं फिरवायचं, मग नेहमीसारखं, मग परत. सुरुवातीला सीटवर उड्या बसतील. स्नायूला आवळायला आणि सुटायला सेकंदाचा काही अंश लागतोच. सवय नसलेल्याचा एक पाय वर जाताना अजून थोडा दाबतच असतो आणि दुसऱ्याच्या कामात आडवा येतो. काही आठवड्यांत ही वेळ जुळते. त्यानंतर टेंबलाईच्या टेकडीचा छोटा चढ दोनदा चढून बघा, एकदा जड गिअरला आणि एकदा हलक्या गिअरला, वेग शक्य तेवढा सारखा ठेवून. मांडी आणि दम यांची अदलाबदल तिथं अंगानं समजते.

गिअर नसलेली सायकल असेल तर

पुढं ४४, मागं १८ अशी साधी काळी सायकल धरली तर त्याच चढाला, त्याच वेगाला पाय मिनिटाला २५ वेळाच फिरतो. सरासरी जोर २९ किलोच्या घरात आणि दाबतानाचा जोर साठच्या आसपास, म्हणजे जवळजवळ अख्ख्या माणसाचं वजन. म्हणून तर माणूस सीटवरून उठून उभा राहतो आणि अंगाचा भार पेडलवर टाकतो. मागं मोठं फ्रीव्हील, २२ दात्यांचं, बसवून घेतलं तर जोर सुमारे १८ टक्क्यांनी उतरतो. त्यापुढं उतरून ढकलण्यात काही कमीपणा नाही.

जिममधल्या सायकलला तर वाराही नाही आणि चढही नाही, सगळं एका नॉबवर. तो पूर्ण आवळून चाळीसनं रेटणारे खूप दिसतात. ‘मांडी बनते’ म्हणून करत असाल तर दोन-तीन मिनिटांचे तुकडे करा, मधे तेवढीच विश्रांती घ्या, आणि गुडघा आधीच कुरकुरत असेल तर करूच नका.

आणि काही गोष्टी गिअर बदलून सुटत नाहीत. छातीत दाब किंवा दुखणं, एकाच पोटरीला सूज आणि ऊब, फार रेटल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी गडद तपकिरी होणं, किंवा दर वेळी ठराविक अंतरावर पोटरी दुखून थांबावं लागणं आणि थांबलं की लगेच बरं वाटणं. शेवटचं लक्षण पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचंही असू शकतं, विशेषतः तंबाखू किंवा साखरेचा त्रास असलेल्यांत, आणि ते सपाटीला चालतानाही होतं. यात काहीही असलं तर सायकल घरी ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.